कारखाना बंद, गाडी चालू

म्हैसूरच्या यादवगिरी भागातला ‘आयडियल जावा’ कंपनीचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला. चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीच्या परवान्याने 1961 पासून तिथे मोटारसायकली तयार होत होत्या. 1973 पासून त्यांच्या टाकीवर ‘येझदी’ हे नाव आले. कारखान्याबरोबर अधिकृत विक्रेते गेले, सुट्या भागांचा पुरवठा थांबला. व्यवहाराचा नेहमीचा नियम लावला तर या गाड्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांत भंगारात जायला हव्या होत्या. तसे झाले नाही. पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात रविवारी सकाळी दोन सायलेन्सरांतून निघणारा तो ठोकेदार आवाज अजूनही ऐकू येतो आणि दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीचे चाहते गाड्या घेऊन एकत्र जमतात. याउलट, घरातल्या आठ वर्षांच्या वॉशिंग मशीनचे कार्ड गेले की कारागीर सांगतो, ‘हे मॉडेल बंद झालंय, नवीनच घ्या.’ बनवणारी कंपनी जिवंत, तरी यंत्र मेलेले. आणि इकडे कंपनी संपलेली, तरी यंत्र चालू. हे कसे?

याचे नेहमीचे उत्तर ‘तेव्हाचं लोखंडच वेगळं होतं’ असे असते. ऐकायला ते बरे वाटते, पण पुराव्यापुढे टिकत नाही. जुन्या मोटारसायकलींना सतत हात लावावा लागे. पॉइंट घासावे लागत, प्लग बदलावा लागे, ठरावीक अंतरानंतर हेड उतरवून काजळी खरवडावी लागे. आजच्या साध्या शंभर सीसी गाडीचे इंजिन त्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर विनातक्रार चालते. तेव्हा जुनी गाडी अधिक मजबूत होती म्हणून टिकली, हे खरे नाही. ती बिघडत होती, पण तिचा प्रत्येक बिघाड उघडून पाहता येत होता, मोजता येत होता आणि साध्या हत्यारांनी दुरुस्त करता येत होता. तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य या उघडेपणात आहे. जुन्या मोटारसायकलींचा जीर्णोद्धार कसा करावा, त्या कशा चालवाव्यात आणि हा छंद समाजाने का जपावा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे याच एका गोष्टीतून निघतात.

तीन हलते भाग

म्हैसूरच्या 250 सीसी जावाचे इंजिन टू-स्ट्रोक आहे. सिलिंडरचा व्यास 65 मिलिमीटर, पिस्टनची धाव 75 मिलिमीटर. त्यात मुख्य हलते भाग तीनच: वरखाली होणारा पिस्टन, त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड आणि फिरणारा क्रँक. फोर-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आत घेण्यासाठी आणि धूर बाहेर सोडण्यासाठी झडपा असतात, त्या उघडण्यासाठी कॅम आणि अनेकदा पुशरॉड लागतात. टू-स्ट्रोकमध्ये त्यांची जागा सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांनी घेतली आहे. या खिडक्यांना पोर्ट म्हणतात आणि पिस्टनच येता-जाता त्या उघडतो व बंद करतो.

क्रँक ज्या बंद पेटीत फिरतो, ती क्रँककेस लोहाराच्या भात्यासारखे काम करते. पिस्टन वर गेला की खालची जागा वाढते आणि कार्ब्युरेटरमधून हवा व पेट्रोलचे मिश्रण आत ओढले जाते. त्याच वेळी पिस्टनच्या वर आधीचे मिश्रण दाबले जात असते. ते पुरेसे दाबले गेले की प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि पिस्टन खाली ढकलला जातो. खाली येताना तो आधी धुराची खिडकी उघडतो. मग बाजूच्या खिडक्या उघडतात आणि क्रँककेसमध्ये दाबले गेलेले ताजे मिश्रण वर उसळते, उरलासुरला धूर बाहेर लोटते. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर ही सगळी क्रिया सेकंदाला 65 पेक्षा जास्त वेळा घडते. भात्याला चामडे लागते तसे क्रँककेसच्या दोन्ही बाजूंना रबराचे ऑइल सील असतात. चामडे फाटले की भाता फुंकर घालत नाही. सील कडक होऊन गळू लागले की क्रँककेस मिश्रण नीट ओढतही नाही आणि वर ढकलतही नाही. प्लग नवा, पेट्रोल ताजे, तरी किक मारून पाय दुखेपर्यंत गाडी सुरू होत नाही, याचे कारण अनेकदा हे दोन स्वस्त सील असतात.

या रचनेतून बिघाड शोधण्याची पद्धत आपोआप ठरते. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणातले मिश्रण, पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. तिन्ही वेगवेगळ्या तपासता येतात. प्लग काढून इंजिनाला टेकवून किक मारली की ठिणगी दिसते. प्लगच्या भोकात दाबमापक लावला की दाब कळतो. प्लगचे टोक पाहिले की मिश्रणाचा अंदाज येतो. ते तपकिरी असेल तर ठीक. पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडते आहे. काळे आणि ओलसर असेल तर जास्त होते आहे. यासाठी संगणक लागत नाही, कंपनीचे गुप्त सॉफ्टवेअर लागत नाही. उघडेपणा म्हणजे काय, ते इथे दिसते.

उभी गाडी का बिघडते?

‘वीस वर्षं वापरलीच नाही, म्हणजे नव्यासारखीच असणार’ हा समज जुनी गाडी विकत घेणाऱ्याला हमखास फसवतो. चालणारे इंजिन झिजते, उभे इंजिन सडते, आणि टू-स्ट्रोकच्या बाबतीत दुसरे अधिक वेगाने होते. फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइलचा स्वतंत्र साठा असतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, लिटरला साधारण 30 ते 40 मिलिलिटर. क्रँकची बेअरिंगे, पिस्टन, रिंगा या सगळ्यांना पेट्रोलबरोबर येणाऱ्या या थोड्याशा ऑइलचाच आधार असतो. गाडी थांबली की हा पुरवठाही थांबतो. बेअरिंगवरचा पातळ थर हळूहळू ओघळून जातो आणि उघड्या पोलादावर हवेतला ओलावा बसतो. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात पडवीत उभ्या असलेल्या गाडीचे बेअरिंग गंजायला फार वर्षे लागत नाहीत.

बाकीचे भागही आपापल्या कारणाने बिघडतात. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळेसारखा थर राहतो. जेटचे बारीक भोक बुजायला तेवढे पुरते. पॉइंटच्या टोकांवर ऑक्साइडचा थर चढतो आणि वीज वाहेनाशी होते. पॉइंट म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टोकांची जोडी; त्यांचे काम समजून घेण्यासारखे आहे. बॅटरीची 6 व्होल्टची वीज कॉइलच्या जाड तारेतून फिरत असते आणि तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार झालेले असते. पॉइंट उघडले की ही वीज एकदम तुटते, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि कॉइलच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. प्लगच्या दोन टोकांमधून उडी मारणारी ठिणगी ती हीच. वीज पॉइंटवरच जळून वाया जाऊ नये म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. ती बदलली की ठिणगीची वेळ आणि ताकद दोन्ही बदलतात. सगळे काही एका स्क्रू-ड्रायव्हरने आणि फिलर गेजच्या पातळ पट्टीने जुळवता येते.

म्हणून फार दिवस उभी असलेली गाडी मिळाली की लगेच किक मारू नये. प्लग काढावा, सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, ते मुरू द्यावे आणि मग क्रँक हाताने हळूहळू फिरवून पाहावा. अडकलेल्या रिंगा जोर लावून सोडवल्या तर सिलिंडरच्या भिंतीवर कायमचे ओरखडे पडतात. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे आणि आतला गंज साफ करावा, नाहीतर साफ केलेला कार्ब्युरेटर चार दिवसांत पुन्हा बुजतो.

लेथवर मिळणारे दुसरे आयुष्य

झिजलेले इंजिन पुन्हा नवे कसे होते, हा छंदाचा गाभा आहे. सिलिंडर बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमचा. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने सिलिंडर गोल राहत नाही. जिथे पिस्टनचा दाब जास्त, तिथे तो अधिक झिजतो. ही झीज भरून काढता येत नाही, पण बाकीचा सिलिंडर तेवढाच मोठा करता येतो. बोअरिंगच्या यंत्रावर तो पाव किंवा अर्धा मिलिमीटर वाढवून पुन्हा अचूक गोल करतात आणि त्या मापाचा मोठा पिस्टन बसवतात. जाड भिंतीच्या बिडाच्या सिलिंडरला असे अनेक वेळा बोअर करता येते. कारखान्यातून निघतानाच जणू त्याच्या पोटात पुढची दोन-तीन आयुष्ये साठवलेली होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी ओतकाम आणि लेथकामाचे जे कौशल्य शेतीच्या इंजिनांमुळे रुजले, तेच इथे उपयोगी पडते. गाडी बनवणारी कंपनी नसली तरी कुशल टर्नर असला की काम भागते.

पण या कामात अचूकता हवी आणि तिच्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. ॲल्युमिनियम तापले की बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. 65 मिलिमीटर व्यासाचा पिस्टन 100 अंशांनी तापला तर सुमारे 0.15 मिलिमीटर वाढतो. सिलिंडर तेवढाच तापला तरी 0.07 मिलिमीटरच वाढतो. शिवाय पिस्टनच्या माथ्यावरच स्फोट होत असल्याने तो सिलिंडरपेक्षा जास्त तापतो. दोघांमध्ये नेमकी मोकळीक ठेवली नाही तर चालत्या गाडीत पिस्टन सिलिंडरला घट्ट धरतो. यालाच इंजिन सीझ होणे म्हणतात आणि मागचे चाक अचानक लॉक झाल्याने चालक पडू शकतो. मोकळीक फार ठेवली तर पिस्टन खडखडतो आणि दाब कमी होतो. नवे बोअर केलेले इंजिन सुरुवातीचे काही शे किलोमीटर संथ चालवायचे असते, कारण यंत्राने कापलेल्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे घासून रिंगा आणि सिलिंडर एकमेकांशी जुळायला तेवढा वेळ लागतो.

किती नवे करायचे?

जीर्णोद्धारात सगळ्यात जास्त नुकसान अज्ञानाने होत नाही, उत्साहाने होते. गाडी हाती आली की पहिला हात रंगाला जातो. जुना रंग खरवडला जातो, टाकीच्या बाजूचे मूळ क्रोम पुन्हा प्लेटिंगला जाते, नटबोल्टसुद्धा आरशासारखे चमकू लागतात, आणि कारखान्यात हाताने ओढलेल्या रेषांच्या जागी स्टिकर येतात. दिसायला गाडी नवी होते, पण तिच्यातली माहिती नाहीशी होते. कोणत्या भागावर किती जाडीचा रंग होता, कोणता बोल्ट कोणत्या पद्धतीचा होता, कुठे क्रोम आणि कुठे नुसता रंग होता, याचा एकमेव पुरावा म्हणजे जुनी गाडी स्वतः. कारखान्याची कागदपत्रे सहज मिळत नसताना हा पुरावा पुसणे म्हणजे मूळ दस्तऐवज फाडणे. म्हणून जाणकार जे दुरुस्त होते ते बदलत नाहीत आणि जे साफ करून भागते ते नव्याने रंगवत नाहीत.

आपला कायदाही याच दिशेचा आहे. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन व्हिंटेज वाहनांचा स्वतंत्र वर्ग झाला. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी या वर्गात येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आणि मुदत दहा वर्षे ठरवण्यात आली. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. म्हैसूरच्या सुरुवातीच्या जावा या मर्यादेत बसू लागल्या आहेत. 1996 च्या येझदीला 2046 पर्यंत थांबावे लागेल. तोपर्यंत तिला नेहमीच्या नोंदणीचे नियम लागू राहतात. पण आज कोणी हौसेने तिचा सांगाडा कापला, तर तेव्हा ती या वर्गात बसणार नाही.

यावर एक रास्त प्रश्न येतो. 6 व्होल्टचा दिवा मिणमिणतो, पॉइंट सतत जुळवावे लागतात. मग 12 व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन का बसवू नये? यासाठी एक कसोटी पुरेशी आहे: केलेला बदल उद्या पूर्ण मागे घेता येईल का? जे मूळ भाग जपून ठेवून नट-बोल्टने बसवता आणि काढता येते, ते चालण्यासारखे आहे, विशेषतः त्याने रस्त्यावरची सुरक्षितता वाढत असेल तर. ज्यासाठी कापावे, वेल्डिंग करावे किंवा भोक पाडावे लागते, ते टाळलेले बरे.

चालवणे हाही जतनाचा भाग

दिवाणखान्यात काचेआड ठेवलेल्या मोटारसायकलचे सील कडक होत राहतात, बेअरिंग कोरडे पडत राहते. म्हणून महिन्यातून एक-दोनदा, इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवणे हा देखभालीचाच भाग आहे. नुसते उभ्या उभ्या पाच मिनिटे चालू ठेवल्याने उलट अपाय होतो, कारण जळताना तयार झालेली वाफ थंड सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साठते.

चालवतानाही यंत्राची रचना लक्षात ठेवावी लागते. वरंधा किंवा कुंभार्लीसारखा लांब घाट उतरताना चालक थ्रॉटल पूर्ण बंद करतो. गाडी गिअरमध्ये असल्याने इंजिन मात्र वेगाने फिरत राहते. पेट्रोल बंद म्हणजे त्यातले ऑइलही बंद, आणि वेगाने फिरणारा पिस्टन कोरडा पडतो. म्हणून उतारावर मधूनमधून थ्रॉटल थोडा उघडून इंजिनाला ऑइल द्यायचे असते. इंजिनाचा अडसर कमी मिळतो म्हणून भार ब्रेकवर येतो आणि हे ब्रेक ड्रमचे असतात. सतत दाबले की ड्रम तापून पसरतो, ब्रेक शूपासून दूर जातो आणि पकड ढिली होते. उपाय एकच: उताराला लागण्याआधीच वेग कमी करायचा. जुन्या बुलेटवर आणखी एक दक्षता लागते. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. अचानक कोणी आडवे आले तर सवयीचा पाय चुकीच्या पॅडलवर पडतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर पुरेसा सराव झाल्याशिवाय तिला गर्दीत नेऊ नये.

नवी अडचण पेट्रोलची आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या फुगवते आणि जस्तमिश्रित धातूचे कार्ब्युरेटर खाते. त्यात ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच जेटमधून आलेले मिश्रण पातळ ठरते आणि इंजिन जास्त तापते. शिवाय ते पाणी शोषते. पाणी जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. कार्ब्युरेटरला पुरवठा तळातून होतो आणि त्या थरात ऑइल जवळजवळ नसते. उपाय याही बाबतीत साधे आहेत: इथेनॉलला टिकणारी नळी, प्लगचा रंग पाहून गरज पडल्यास एक माप मोठा जेट, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करणे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आणि सगळ्यात गंभीर आक्षेप प्रदूषणाचा. तो खरा आहे आणि टाळता येणार नाही. टू-स्ट्रोकमध्ये धुराची खिडकी आणि ताज्या मिश्रणाची खिडकी काही क्षण एकाच वेळी उघडी असतात. त्यामुळे ताज्या पेट्रोलचा बराच भाग, काही परिस्थितींत तिसरा हिस्सासुद्धा, न जळताच बाहेर पडतो. त्यात ऑइलचा धूर मिसळतो. प्रत्येक किलोमीटरमागे ही गाडी आजच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त प्रदूषण करते. म्हणून ती रोजच्या वापराची गाडी असू नये, हे छंद जोपासणाऱ्यांनी स्वतःहून मान्य करायला हवे. पण वर्षाला काही शे किलोमीटर चालणाऱ्या मोजक्या गाड्या आणि शहरात रोज धावणारी लाखो वाहने यांचा एकूण धूर एकाच पारड्यात टाकता येत नाही. वापर मर्यादित ठेवणे, ऑइलचे प्रमाण नेमके राखणे आणि पीयूसी वेळेवर करणे एवढी जबाबदारी घेतली, तर समाजाने ही थोडी किंमत मोजावी असे मला वाटते.

दुसरा आक्षेप असा की हा पैसेवाल्यांचा शौक आहे. नामांकित गाड्यांच्या किमती वाढल्या आहेत, हे खरे. पण छंद म्हणजे खरेदी असे मानले तरच हा आक्षेप लागू पडतो. पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानांत आणि जुन्या बाजारात एकेक भाग शोधत वर्षा-दोन वर्षांत गाडी उभी करणाऱ्याचा मोठा खर्च वेळेचा असतो. शिवाय राजदूत 175 सारख्या, दूधवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी वापरलेल्या गाड्याही तितक्याच जपण्यासारख्या आहेत; महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेचा इतिहास त्यांच्यावर लिहिलेला आहे.

तिसरा आक्षेप असा: भविष्य विजेच्या गाड्यांचे असताना कालबाह्य यंत्र शिकून काय मिळणार? मिळते ते निदानाचे शिक्षण. कारण शोधायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, माप घ्यायचे आणि मगच निष्कर्ष काढायचा, ही शिस्त कोणत्याही यंत्राला लागू पडते. वस्तू दुरुस्त करता आली पाहिजे, ग्राहकाला तसा हक्क असला पाहिजे, ही मागणी आज जगभर होते आहे. दुरुस्त होणारी वस्तू कशी असते, याचे चालतेबोलते उदाहरण या गाड्या देतात.

थोडक्यात

* जुनी मोटारसायकल टिकते, कारण तिचा प्रत्येक भाग उघडता, मोजता आणि दुरुस्त करता येतो.
* इंजिनाला मिश्रण, दाब आणि ठिणगी लागते. बिघाड एकेक करून शोधावा.
* फार दिवस उभ्या गाडीला थेट किक मारू नये. आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडावे.
* आधी इंजिन, ब्रेक आणि वायरिंग. रंग सगळ्यात शेवटी, आणि शक्य तितका मूळचाच.
* मागे घेता येणार नाही असा कोणताही बदल करू नये.
* महिन्यातून एक-दोनदा इंजिन तापेपर्यंत चालवावे; रोजच्या कामाला वापरू नये.

सगळ्यात दुर्मीळ सुटा भाग

पिस्टन नव्याने ओतता येतो, सील मिळतात, क्रोम पुन्हा चढवता येते. कोणत्याही दुकानात मिळत नाही ते आवाजावरून बेअरिंगची झीज ओळखणाऱ्या फिटरचे ज्ञान. जावा-येझदी कारखान्यातून येत होत्या तेव्हा उमेदीत असलेले कारागीर आता वयस्कर झाले आहेत, आणि त्यांच्याकडची बहुतेक माहिती कुठे लिहिलेली नाही. तेव्हा घरी किंवा गावाकडे अशी गाडी उभी असेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका आणि घाईने रंगवूही नका. आधी तिचे आरसी पुस्तक शोधा, त्यातला इंजिन आणि चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. मग तालुक्यातल्या जुन्या गॅरेजमधल्या अनुभवी मेकॅनिककडे ती न्या, सोबत घरातल्या एखाद्या तरुणाला न्या, आणि पहिला नट त्याच्या हाताने उघडू द्या.